घन्यात सायकल: भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत दोन-तीन दिवस सावकाश कसं फिरावं

राजस्थानातल्या भरतपूरला जाऊन आलेले पुष्कळ जण सांगतात, केवलादेव हे तिथलं पाणपक्ष्यांचं उद्यान तीन तासांत उरकतं. उरकतं, हे खरं आहे. सगळं राष्ट्रीय उद्यान सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. फाटकापासून मधल्या केवलादेव मंदिरापर्यंतचा डांबरी रस्ता पाचेक किलोमीटरचा, सपाट, नावालाही चढ नाही. सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल दामटणाऱ्या पुणेकराला हे अंतर म्हणजे पंधरा-वीस मिनिटांचं काम. म्हणूनच इथे येताना अंतर कापायची सवय बाजूला ठेवावी लागते. दिवसभरात बारा-पंधरा किलोमीटर झाले तरी भरपूर झाले, आणि त्यातला निम्मा वेळ सायकल स्टँडवर उभी असली तर दिवस चांगला गेला म्हणायचं.

माझा सरळ सल्ला असा: घन्याला (भरतपूरचे लोक उद्यानाला नुसतं ‘घना’ म्हणतात) किमान दोन पूर्ण दिवस द्या, तिसरा दिवस हाताशी असेल तर तो उद्यानाबाहेर घालवा, आणि वाहन म्हणून सायकलच घ्या.

सायकलच का

हे समजायला इथलं पाणी कसं आलं ते ठाऊक हवं. ही जमीन मुळात बशीसारखी खोलगट. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल जाटाने गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचं पाणी अडवायला अजान बांध घातला. पावसाळ्यात त्या बांधातलं पाणी कालव्याने या खोलगट जागेत सोडायचं, अशी रीत पडली. पुढे भरतपूरच्या राजांनी बदकांच्या शिकारीसाठी आत लहान लहान बांध घालून आणि त्यांना झडपा बसवून पाण्याचे वेगवेगळे कप्पे पाडले. त्या कप्प्यांना आजही के ब्लॉक, एल ब्लॉक, डी ब्लॉक अशी नावं आहेत. आपण ज्या वाटांवरून सायकल चालवतो त्यातल्या बऱ्याचशा या बांधांवरूनच जातात. म्हणजे दोन्ही बाजूंना पाणी, मधोमध आपण, आणि पाण्याच्या पातळीपेक्षा जरा उंचावर. सायकलच्या सीटवर बसलेल्या माणसाची नजर गवतावरून थेट पाण्यावर जाते. पायी चालताना हे दोन-तीन फूट कमी पडतात आणि काठचं गवत आडवं येतं.

दुसरं असं की पाणथळीत पर्यटकांच्या मोटारी फिरत नाहीत. पायी, सायकलने किंवा इथल्या बिनइंजिनाच्या रिक्षाने जायचं. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे कान मोकळे राहतात, आणि इथे निम्मे पक्षी आधी ऐकू येतात, मग दिसतात. पायी फिरणंही उत्तमच, पण पाच किलोमीटर जाऊन तेवढंच परत यायचं म्हणजे दुपारपर्यंत पाय बोलू लागतात आणि मग लक्ष पक्ष्यांवरून उडतं. सायकल हवी तिथे थांबते, पाठीवरचं ओझं वाहते आणि परतताना वेळ वाचवते.

पायरी पहिली: महिना ठरवा, आणि त्याआधी पाण्याची चौकशी करा

भरतपूरचं वर्ष तीन भागांत पडतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा घरट्यांचा काळ. पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर रंगीत करकोचे, उघड्या चोचीचे करकोचे, चमचे, पाणकावळे, तिरंदाज, बगळे अशा सगळ्यांच्या वसाहती भरतात. ऑक्टोबरपासून उत्तरेकडचे पाहुणे उतरू लागतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत राहतात. एप्रिलपासून मात्र ऊन असं तापतं की सायकलवर फिरण्यात सुख उरत नाही.

एकदाच जाणं होणार असेल तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा निवडा. रंगीत करकोच्यांची मोठी झालेली पिल्लं अजून झाडांवर असतात आणि बदकंही आलेली असतात, म्हणजे दोन्ही ऋतू एकाच फेरीत पदरात पडतात. त्याखालोखाल फेब्रुवारी. डिसेंबरची अखेर आणि जानेवारीचा पहिला भाग मी टाळतो, कारण दाट धुकं. कधी कधी सकाळचे दहा वाजले तरी समोरचं झाड दिसत नाही, आणि उत्तरेकडच्या गाड्याही तासन्‌तास उशिरा धावतात. दिवाळीची सुट्टी आणि शनिवार-रविवारही शक्यतो नकोत. दिल्ली-आग्र्याहून गर्दी येते आणि चांगल्या सायकली सकाळीच संपतात.

महिन्याइतकंच महत्त्वाचं आहे त्या वर्षीचं पाणी. उद्यानाला वर्षाला साधारण ५५ कोटी घनफूट पाणी लागतं असं मानलं जातं. गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण झालं आणि घन्याकडे येणारं पाणी आटत गेलं. २००४ नंतरची काही वर्षं तर इतकी वाईट गेली की तळ्यांच्या जागी तडकलेली जमीन आणि चरणारी गुरं दिसायची. पुढे गोवर्धन नाल्याचं आणि चंबळचं पाणी आणण्याची सोय झाली, तेव्हा परिस्थिती सावरली. तरीही पाऊस कमी झाला की काही कप्पे कोरडेच राहतात. म्हणून तिकिटं काढण्याआधी, सप्टेंबरअखेर, ज्या हॉटेलात उतरणार आहात तिथे फोन करून साधा प्रश्न विचारा: यंदा घन्यात पाणी कसं आहे, घरटी झाली का? भरतपूरमधल्या हॉटेलवाल्यांचं पोट या पाण्यावरच असतं, त्यामुळे त्यांना याची नेमकी खबर असते.

पायरी दुसरी: पोहोचणं आणि मुक्काम

भरतपूर मुंबई–दिल्ली लोहमार्गावर, कोटा आणि मथुरेच्या मध्ये आहे. मुंबईहून गोल्डन टेंपल मेल थेट भरतपूरला थांबते. पुणे, नगर, मनमाड या बाजूच्या लोकांना झेलम किंवा गोवा एक्सप्रेसने आग्रा अथवा मथुरेला उतरून पुढे बसने किंवा गाडीने यावं लागतं. आग्र्याहून अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, वाटेत फत्तेपूर सिक्री.

मुक्काम सारस चौराह्याच्या आसपास, उद्यानाच्या फाटकापासून चालत जाता येईल असा घ्या. गावात स्वस्त पडतं म्हणून तिकडे उतरलात तर पहाटे रिक्षा शोधण्यात सकाळचा सोन्यासारखा अर्धा तास जातो. स्वतःची सायकल रेल्वेच्या पार्सल डब्यातून नेण्याचा खटाटोप फक्त घन्यासाठी करू नका. फाटकावर भाड्याच्या सायकली मिळतात आणि या कामाला त्या पुरतात. तिकिटाचे आणि भाड्याचे दर बदलत असतात, ते तिथेच विचारा. ओळखपत्र मात्र जवळ असू द्या.

पायरी तिसरी: सायकल पारखून घ्या

भाड्याच्या सायकली बहुतेक जड, सरळ हँडलच्या, बिनगिअरच्या असतात. गिअर नसल्याचं काही बिघडत नाही. पण रांगेतली पहिली सायकल उचलून निघू नका. पाच मिनिटं खर्च करा.

आधी सीट. सायकलजवळ उभं राहिल्यावर सीट कमरेच्या हाडापेक्षा बोटभर खाली हवी. इथे दर दोन मिनिटांनी पाय टेकायचा असतो, त्यामुळे लांबच्या सफरीला ठेवतो त्यापेक्षा सीट थोडी कमीच बरी. मग दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहा. चाक हातानं फिरवा. रिम ब्रेकच्या गुट्ट्याला घासत असेल तर दिवसभर कुरकुर ऐकावी लागेल. टायरमधली हवा अंगठ्यानं दाबून बघा. स्टँड भक्कम आहे ना, कुलूप-किल्ली चालते ना, हे नक्की पाहा, कारण सायकल रस्त्यावर ठेवून बाजूच्या पायवाटेने पाण्यापर्यंत जायची वेळ वारंवार येते.

आणि शेवटी कान लावून चेन ऐका. कोरडी चेन असेल तर मालकाकडून दोन थेंब तेल मागून घ्या. पेडल थांबवलं की मागच्या चाकातून टिकटिक आवाज येतो, तोही पाहा. काही सायकलींचा हा आवाज इतका मोठा असतो की काठावर बसलेला खंड्या वीस पावलांवरून उडतो. अशी सायकल असेल तर बदलून मागा. नाहीच मिळाली तर पक्ष्याजवळ जाताना पेडल न थांबवता अगदी हळू मारत राहा, टिकटिक होत नाही.

पंक्चरचा धोका खरा आहे. आत देशी बाभूळ आहे आणि बाहेरून येऊन माजलेली वेडी बाभूळही आहे. तिचे काटे पायवाटांवर पडलेले असतात. डांबरी रस्त्यावर काही होत नाही, कच्च्या वाटेवर सायकल वाटेच्या मधोमध, चाकोरीतच ठेवा. टायर बसलाच तर सायकल हातात धरून परत या, बसलेल्या टायरवर चालवू नका.

पायरी चौथी: सोबत काय घ्यावं

दुर्बीण, आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) असली तर उत्तम. ती गळ्यात लोंबकळत न ठेवता पट्टा तिरका खांद्यावरून घ्या, म्हणजे पेडल मारताना छातीवर आपटत नाही. पाणी दोन बाटल्या, गूळ-शेंगदाणे किंवा दशम्या, कानटोपी. डिसेंबरात पहाटे पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, हँडल धरलेली बोटं बधिर होतात, तेव्हा हातमोजे हवेतच. दहानंतर मात्र स्वेटर काढावा लागतो, म्हणून कपडे एकावर एक. रंग मातकट, खाकी, हिरवे. पांढरा शर्ट आणि भडक विंडचीटर हॉटेलातच राहू द्या. खाण्याची पिशवी बंद ठेवा, मंदिराच्या परिसरात माकडं आहेत.

पायरी पाचवी: पहिली सकाळ

फाटक सूर्योदयाच्या सुमारास उघडतं. त्याआधी दहा मिनिटं तिथे हजर राहा.

पहिल्या दिवशी तासा-दोन तासांसाठी गाईड किंवा इथला रिक्षावाला सोबत घ्यावा असं माझं ठाम मत आहे. इथले रिक्षावाले वर्षानुवर्षं पक्षी दाखवत आले आहेत, त्यांना उद्यानाकडून प्रशिक्षणही मिळालेलं आहे, आणि घुबड दिवसा कुठल्या झाडाच्या कुठल्या फांदीवर झोपतं हे तुम्ही महिनाभर शोधूनही तुम्हाला कळणार नाही. रिक्षावाला रंगीत करकोच्याला जांघिल म्हणेल, उघड्या चोचीच्या करकोच्याला घोंघिल. ही दोन नावं ऐकून ठेवा. त्याने दाखवलेल्या जागा मनात नोंदवा आणि मग त्याला निरोप देऊन एकट्याने त्याच जागांवर परत या.

फाटकापासून सुरुवातीचा रस्ता कोरड्या झाडीतून जातो. बहुतेक सायकलस्वार हा भाग पाण्याच्या ओढीने भरभर मागे टाकतात. नीलगाय, चितळ, मोर, कोल्हे, पिंगळे, सातभाई हे सगळं याच भागात सकाळी दिसतं. म्हणून इथेही चालण्याच्याच वेगाने जा. पुढे शांती कुटीर लागते, राजांच्या काळातला हा शिकारी मुक्कामाचा बंगला. तिथून पुढे पाणी सुरू होतं.

आता पक्ष्याजवळ जायची रीत. रस्त्यावरून सरळ, एका चालीने जाणाऱ्या सायकलीला इथले पक्षी सरावलेले आहेत. बिचकतात ते अचानक थांबण्याला आणि सायकलीवरून उतरणाऱ्या माणसाच्या आकाराला. म्हणून पक्षी दिसला की तिथेच ब्रेक लावू नका. वीस-पंचवीस पावलं आधीच वेग कमी करत या, किंवा सरळ पुढे निघून जा आणि थोड्या अंतरावर थांबा. उतरताना पक्ष्याच्या विरुद्ध बाजूने उतरा, म्हणजे सायकल तुमच्या आणि त्याच्या मध्ये राहते. स्टँड पायाने हळूच खाली दाबा. खाडकन लावलेला स्टँड पाण्यावरून लांब ऐकू जातो. मग सायकलीच्या आडून, कोपर सीटवर टेकवून दुर्बीण लावा. हात थरथरत नाहीत आणि पक्षीही दोन-तीन मिनिटांत तुम्हाला विसरून कामाला लागतो. बघण्यासारखं जे काही असतं ते या दोन-तीन मिनिटांनंतर सुरू होतं.

उदाहरणार्थ रंगीत करकोचा. दुरून तो नुसता पाण्यात उभा असलेला गुलाबी-पांढरा पक्षी वाटतो. थांबून पाहिलं तर कळतं की त्याची चोच बोटभर उघडी आहे आणि पाण्यात अर्धी बुडवून तो डावीकडून उजवीकडे फिरवतोय. त्याच वेळी एक पाय पुढे टाकून चिखल ढवळतोय. मासा डोळ्यांनी हेरायचा नाही, चोचीला लागला की चोच मिटायची. घरट्यांच्या दिवसांत हाच करकोचा भर दुपारी पंख पसरून पिल्लांवर सावली धरून उभा असतो, आणि खाली शंभर पावलांवर उभं राहिलं तरी पिल्लांचा कल्ला ऐकू येतो.

पाण्याची खोली वाचायला शिका

घन्यात कुठे काय दिसेल हे ठरवण्याची किल्ली म्हणजे पाण्याची खोली. इथलं पाणी फारसं खोल नाही, जास्तीत जास्त पुरुषभर. पण वीतभराचा फरकही पक्षी बदलतो.

मोकळं, खोल, मधे काही न उगवलेलं पाणी असेल तिथे बुड्या मारणारी बदकं, चांदवे, पाणकावळे शोधा. अर्धवट बुडालेल्या झाडाच्या बोडक्या फांदीवर तिरंदाज पंख वाळवत बसलेला असतोच. गुडघाभर पाण्यात करकोचे, चमचे, मोठे बगळे. थापटे आणि तलवार बदकं उथळ पाण्यात डोकं खाली, शेपूट वर करून चरतात. पाण्यावर हिरवी पानं पसरली असतील तर कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या. चिखल उघडा पडलेला असेल तिथे शेकाटे, तुतवार, टिटव्या. काठच्या आखूड गवतावर सकाळी पट्टकादंब हंस चरताना दिसतात; हिमालय ओलांडून आलेले हे पक्षी पाण्यापेक्षा गवतात जास्त वेळ काढतात हे नव्याने येणाऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून तो पाण्याकडेच बघत राहतो.

पाण्यावरची सगळी बदकं एकदम उठली किंवा चांदव्यांचा विखुरलेला थवा अचानक एकमेकांना चिकटला, तर लगेच वर बघा. दलदल भोवत्या किंवा एखादा गरुड वरून चाललेला असतो.

वाटेत सापन मोरी हा चौक लागतो. तिथून फुटणाऱ्या बांधांच्या वाटांवर झाडांची सावली आहे आणि दोन्हीकडे पाणी आहे. पहिल्या सकाळी मंदिरापर्यंत जाण्याचा हट्ट न धरता एवढ्याच परिसरात दहा-साडेदहापर्यंत रेंगाळलात तरी काही चुकल्यासारखं वाटू देऊ नका. एकच पथ्य: सूर्य पाठीशी राहील अशी बाजू निवडा. समोरून ऊन असलं की पाण्यावरचा प्रत्येक पक्षी काळाच दिसतो.

दुपार मंदिरापाशी

अकरा ते तीन पक्षी मंदावतात, माणसंही. हा वेळ केवलादेवाच्या मंदिरापाशी घालवावा. जवळ उपाहारगृह आहे, झाडांची गार सावली आहे. आणि तिथे दगडात कोरलेली यादी आहे, ती पूर्ण वाचा.

१९०२ पासून इथे इंग्रज पाहुण्यांसाठी बदकांच्या शिकारी होत. तारीख, पाहुण्याचं नाव, बंदुका किती, मारलेले पक्षी किती, असं सगळं त्या दगडांवर आहे. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो आले, त्या एका दिवसाचा आकडा ४,२७३. सकाळभर एकेका बदकासाठी श्वास रोखून थांबलेल्या माणसाला हा आकडा फार जड जातो. पुढे पक्षितज्ज्ञ सलीम अलींसारख्यांनी या जागेसाठी आपलं वजन खर्च केलं. १९८१ मध्ये केवलादेव आणि ओडिशातलं चिलिका सरोवर ही भारतातली पहिली दोन रामसर स्थळं (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळी) झाली, १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि १९८५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव गेलं.

१९८२ ची दुसरी बाजूही सायकलवरून दिसते. त्या वर्षी उद्यानात गुरं चारायला बंदी आली. आजूबाजूच्या गावांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, काही गावकरी जिवाला मुकले. बंदीनंतर पक्षी वाढतील असं वाटलं होतं. पण म्हशी गेल्यावर पाण्यातलं गवत बेसुमार माजलं आणि मोकळं पाणीच झाकून गेलं. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने इथे दहा वर्षं अभ्यास केला, त्यातून हेच पुढे आलं की पाण्यात उतरून चरणाऱ्या म्हशी या पाणथळीच्या तब्येतीचा भाग होत्या. नंतर गावकऱ्यांना ठरावीक पद्धतीने गवत कापून न्यायची मुभा मिळू लागली, वेडी बाभूळ काढण्याच्या कामातही गावं सामील झाली. गवताचे भारे घेतलेल्या बायका दिसल्या तर सायकल बाजूला घेऊन त्यांना आधी वाट द्या.

सायबेरियन क्रौंच बघायला मिळेल का, असं अजूनही विचारणारे भेटतात. नाही मिळणार. भारतात हिवाळ्याला येणारी त्यांची शेवटची जोडी इथेच उतरायची, आणि २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर ती परत आली नाही. सारस मात्र अजून आहेत. जोडी हमखास दिसेल असं नाही, पण दुपारी चारच्या सुमारास मंदिरापलीकडच्या मोकळ्या गवताळ भागाकडे कान द्या. नर-मादी मान वर करून एकत्र साद घालतात आणि ती साद किलोमीटरभर सहज पोहोचते.

परतीचं गणित आधीच मांडा. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि फाटकही त्याच वेळी बंद होतं. मंदिरापासून सव्वाचारला निघा, म्हणजे वाटेत थांबत थांबत येता येतं. परतताना आभाळात रांगा दिसतील, पाणकावळे आणि बगळे रातथाऱ्याला येत असतात. शेवटचा अर्धा तास, परतताना शांती कुटीर यायच्या आधी लागणाऱ्या पाण्याशी ठेवा. काळोखात सायकल हाणू नका. नीलगाय रस्त्यात उभी असते आणि भाड्याच्या सायकलीला दिवा नसतो.

दुसरा दिवस: मागच्या वाटा

मंदिराच्या पुढे गर्दी संपते. तिथून कच्च्या वाटा मानसरोवर आणि कोलादहर या भागांकडे जातात. हा भाग गवताळ आणि कोरडा. शिकारी पक्षी, टिटव्या, सारस यांच्यासाठी चांगला. वाट मऊ मातीची असते, काही ठिकाणी चाक रुततं. तिथे जोर लावून पेडल मारण्यापेक्षा उतरून ढकला. निघण्याआधी चौकीवर विचारा, कुठली वाट खुली आहे आणि कुठली बंद. पाण्याप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे हे बदलतं.

याच बाजूला अजगर आहेत. थंडीत ते साळिंदरांच्या बिळात राहतात, साळिंदर आणि अजगर एकाच बिळात नांदल्याच्या नोंदी इथे झालेल्या आहेत. ऊन चढलं की अजगर बिळाच्या तोंडाशी अंग शेकायला येतो. या उन्हावरच त्याचं पचन अवलंबून असतं. आपण जवळ गेलो की तो आत जातो आणि त्याचा शेकण्याचा वेळ बुडतो. कुणी पैशाच्या आशेने बिळापर्यंत न्यायला तयार झालं तर स्पष्ट नाही म्हणा. वाटेवरून दुर्बिणीत दिसला तर दिसला.

दुसऱ्या दिवशी मी नवीन जागा कमी आणि पहिल्या दिवशीच्याच दोन-तीन जागा जास्त वेळ, असं ठेवतो. एका बांधावर तासभर बसलं की पाण्याकाठची सगळी उठबस कळू लागते: कुठला बगळा कुठल्या खुंटावर हक्क सांगतो, कुठल्या फांदीवर खंड्या परत परत येतो, कासवं कधी वर येतात. धुक्याची सकाळ असली तरी निराश होऊन हॉटेलात बसू नका. दूरचं दिसत नाही, पण जवळचे पक्षी धुक्यात कमी बिचकतात. रस्त्यालगतच्या पहिल्या पाण्याशी जाऊन थांबा आणि फक्त ऐका.

तिसरा दिवस: कुम्हेर आणि डीग

मराठी माणसाने भरतपुरात येऊन कुम्हेर-डीग न पाहता परत जाणं मला पटत नाही. कुम्हेर भरतपूरच्या वायव्येला सोळा-अठरा किलोमीटरवर, डीग त्याच रस्त्याने पुढे तेवढंच. स्वतःची चांगली सायकल असेल आणि वाहनांची सवय असेल तर सकाळी लवकर निघून कुम्हेरपर्यंत जाऊन यावं. रस्त्यालगत मोहरीची शेतं, आणि शेतांत कधी कधी सारसाची जोडी. भाड्याच्या सायकलीवर मात्र हे करू नका. फाटकावरच्या सायकली उद्यानात फिरवायला दिलेल्या असतात, आणि बिनगिअरच्या जड सायकलीवर ट्रकांच्या रस्त्याने जाण्यात मजा नाही. बस आहेत, रिक्षा ठरवता येते.

१७५४ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी कुम्हेरच्या किल्ल्याला वेढा घातलेला असताना मल्हारराव होळकरांचे पुत्र आणि अहिल्याबाईंचे पती खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. त्यांची छत्री कुम्हेरजवळ गागरसोलीला आहे. ज्याच्या किल्ल्याशी हे घडलं तो सूरजमल. आणि सातच वर्षांनी पानिपतात सगळं हरवून, जखमी, उपाशी परतणाऱ्या मराठ्यांना अन्नवस्त्र आणि आसरा देणाराही तोच सूरजमल. डीगला त्या घराण्याचे महाल आणि कारंजी आहेत, दोन मोठ्या तलावांच्या मधोमध बांधलेली. ज्या माणसाने अजान बांध घातला त्याच्या मुलखात पाणी कसं खेळवलं जायचं ते तिथे पुन्हा दिसतं, म्हणून घन्यानंतरच डीग बघावं.

काही पथ्यं, थोडक्यात

घरट्यांच्या झाडाखाली गर्दी करू नका; फोटोसाठी टाळ्या वाजवून थवा उडवणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका, विणीच्या काळात तर मुळीच नाही. सायकल नेहमी रस्त्याच्या एका कडेला, दोघं-तिघं असाल तर एकामागे एक. शेजारी शेजारी चालवली की गप्पा सुरू होतात. गट चारपेक्षा मोठा असेल तर दोन तुकड्या करा आणि अर्ध्या तासाच्या अंतराने सोडा. लहान मुलांना स्वतंत्र सायकल द्यायची तर ती सफाईने थांबवू शकतात ना हे फाटकाजवळच पाहून घ्या, कारण बांधाच्या कडेला कठडा नाही. प्लास्टिकची पिशवी, बाटली जी आत नेली ती परत आणा.

सायकल परत देताना दुकानदाराला तिचा काही दोष लक्षात आला असेल तर सांगा, सैल ब्रेक, घासणारी चेन, काहीही. दुसऱ्या दिवशी तीच सायकल कुणाला तरी मिळणार असते. आणि दुसऱ्या दिवसासाठीही तुम्हालाच हवी असेल तर आदल्या संध्याकाळी तिचा नंबर सांगून ती बाजूला ठेवायला सांगा. बहुतेक जण आनंदाने ठेवतात.